फोटोबाईंचा पहिला फोटो

फोटोबाईंनी आयुष्यात हजारो फोटो काढले, पण त्यातल्या एकाही फोटोत कुणी हसत नव्हतं. हसणार कसं? ते सगळे फोटो आतले होते. फासळ्या, मणके, गुडघे, कुणी गिळलेलं बटण, कुणाच्या टाचेत मोडलेली सुई. हॉस्पिटलातल्या एक्स-रेच्या खोलीत बाईंची उभी हयात गेली. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "छातीचा एक फोटो काढून आणा," आणि पेशंट बाहेर येऊन शिपायाला विचारायचा, "फोटोवाल्या बाई कुठे बसतात?" पुढे 'वाल्या' गळून पडलं आणि फोटोबाई उरल्या. गल्लीतही तेच नाव रुळलं. नव्याने राहायला आलेले लोक लग्नाचे फोटो काढाल का म्हणून विचारायला घरी यायचे. बाई शांतपणे सांगायच्या, "नवरानवरीची हाडं बघायची असतील तर काढते."

खरा कॅमेरा मात्र त्यांनी कधी हातात धरला नव्हता. मोबाइल होता, पण तो बोलण्यापुरता, आणि बोलायला तरी माणसं कुठे होती फार! म्हणून निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी त्यांना कॅमेरा भेट दिला. चांगला, लांबचं जवळ आणणारा. "बाई, आतलं पुष्कळ झालं, आता जरा बाहेरचं काढा," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी एकेकाचे आभार मानले. डॉक्टरांचे मानले, नर्सचे मानले, फरशी पुसणाऱ्या मावशींचे मानले, आणि निघताना कुणाचं लक्ष नाही असं बघून त्या जुन्या मशीनवरही हात फिरवून आल्या. कुणी घोटभर पाणी दिलं तरी वर्षभर लक्षात ठेवतील अशा बाई त्या. कॅमेरा घरी आणून त्यांनी कपाटात, चांगल्या कपड्यांच्या घडीखाली ठेवला. काढायचं काय, ते काही सुचेना.

घर दोन भावांचं. मधे एक भिंत, पुढे दोन दारं, मागे एकच अंगण. उजवीकडे फोटोबाई, डावीकडे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. जाऊबाईंचं शिवणकाम. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. माणसाकडे एकदा पाहिलं की टेप न लावता छातीचं माप सांगतील अशी नजर. दोन्ही भाऊ आता राहिले नव्हते. मुलंबाळं आपापल्या गावी सुखात होती. अंगण मात्र दोघींच्या सामायिक मालकीचं, आणि त्या अंगणात आठ वर्षं अबोला नांदत होता.

अबोला म्हणजे भांडण नव्हे बरं का. भांडणात निदान शब्द तरी खर्च होतात. इथे तेवढीही उधळपट्टी नव्हती. जाऊबाईंना सांगायचं असायचं की अंगणातला नळ उघडा राहिलाय, तर त्या मांजराला सांगायच्या, "मने, पाणी फुकट चाललंय हो, लोकांना दिसत नाही." फोटोबाई मुकाट्याने जाऊन नळ बंद करायच्या. लेकी बोले सुने लागे, तसला प्रकार, फक्त लेकीच्या जागी मांजर. त्याआधी, फोटोबाईंचे यजमान होते तोवर, निरोप्याचं काम त्यांच्याकडे असायचं. "त्यांना सांगा." "तिला सांग." बिचारे दोन्हीकडे चहा प्यायचे आणि निरोपातले काटे वाटेतच काढून टाकायचे. ते गेले त्या सकाळी जाऊबाई उठून इकडे आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि पुढचे कित्येक दिवस त्यांनी हे घर चालवलं. फोटोबाईंना भरवलं, एकदा मागे बसून त्यांच्या केसांचा गुंताही काढला. सगळं केलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. फोटोबाई जरा सावरल्या तशा त्या आपल्या घरात निघून गेल्या.

असं काय झालं होतं दोघींत? एक खोकला झाला होता.

थोरल्या भावजींचा खोकला महिनाभर हटेना, म्हणून फोटोबाईंनीच त्यांना हॉस्पिटलात नेलं. स्वतःच्या हाताने त्यांचा फोटो काढला. फिल्म धुऊन उजेडाच्या काचेवर लावली आणि त्यांना ती दिसली. उजव्या फुफ्फुसात, बरगड्यांच्या आड, सावली. एवढ्या वर्षांत असल्या सावल्या त्यांनी कमी पाहिल्या नव्हत्या. पण एक्स-रे खात्याचा नियम कडक असतो: फोटो काढणाऱ्याने काढायचा, वाचायचा डॉक्टरांनी. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "झालं भावजी. मोठे डॉक्टर परगावी गेलेत, ते आले की रिपोर्ट मिळेल." डॉक्टर यायला आठवडा लागला. आठवड्याने काही बिघडणार नव्हतं, दुखणं आधीच फार पुढे गेलेलं होतं. हे पुढे डॉक्टरांनीच सांगितलं. पण त्या आठवड्यात बाई रोज संध्याकाळी पलीकडे जाऊन चहा प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि पोटातलं ओठावर येऊ दिलं नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुला माहीत होतं. आठवडाभर माझ्यासमोर बसून चहा प्यालीस आणि तुला माहीत होतं." ते शेवटचं वाक्य. भावजी पुढे काही महिने होते, मग तेही गेले.

आता घुबड.

अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात एक जुनं तुतीचं झाड आहे. फळं धरली की खालची फरशी जांभळी होते, आणि ती कुणी धुवायची यावरून मांजराला पुष्कळ बोलणी बसतात. एके सकाळी त्या झाडावर चिमण्यांनी एवढा कालवा केला की फोटोबाई हातातला कप घेऊन तशाच बाहेर आल्या. वर पाहिलं तर खोडाला चिकटून, खोडाच्याच रंगाचं, मुठीएवढं काहीतरी. आधी वाटलं तुटलेल्या फांदीचा खुंट आहे. मग त्या खुंटाने मान थोडी हलवली. घुबड! डोक्यावर कानांसारखी दोन पिसं उभी, आणि अंग असं की सालीत कुठे संपतं आणि पक्ष्यात कुठे सुरू होतं ते कळू नये.

बाईंनी कप तिथेच फरशीवर ठेवला आणि धावत जाऊन कपाटातून कॅमेरा काढला. काय काढायचं ते सुचलं होतं.

पण सुचणं वेगळं आणि जमणं वेगळं. पहिल्या दिवशीच्या फोटोंत पानं आली, आकाश आलं, बाईंचा स्वतःचा अंगठा तर फारच स्पष्ट आला. दुसऱ्या दिवशी घुबड आलं, पण पाठमोरं. तिसऱ्या दिवशीही पाठमोरंच. बाईंनी ते फोटो पेपरवाल्याला दाखवले. तो बराच वेळ बघून म्हणाला, "छान आहे लाकूड." घुबड रोज पहाटे येऊन त्याच जागी बसायचं, दिवसभर झोपायचं आणि दिवेलागणीला उडून जायचं. जागा एकच, बसणं एकच, आणि पाठही एकच. त्याचं तोंड होतं जाऊबाईंच्या मागच्या खोलीकडे. त्या खोलीच्या खिडकीशी त्यांचं शिवणाचं मशीन असायचं. म्हणजे घुबडाचं तोंड रोज बघायला मिळणारं एकच माणूस जगात होतं, आणि त्या माणसाला विचारायची सोय नव्हती.

शेवटी वैतागून बाई घुबडालाच म्हणाल्या, "अरे बाबा, पाठ काय दाखवतोस? जन्मभर लोकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं मी, छातीचे फोटोसुद्धा पाठीकडूनच काढले. आता तू तरी तोंड दाखव."

खिडकीतली मशीनची खडखड थांबली. मग आतून आवाज आला, "घुबडा, इकडे तोंड करून बसतोस ते बरं करतोस हो. तिकडच्यांना दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव."

फोटोबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मांजराच्या मार्फत आजवर नळ, कचरा आणि तुतीचे डाग एवढेच विषय निघाले होते. हे पहिलंच काहीतरी कामाशिवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई मुद्दाम तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे, झोप झाली का नीट? चिमण्या फार छळतात ना तुला?" खिडकीतून उत्तर आलं, "त्याला कसली झोप? एक डोळा अर्धा उघडा ठेवून सगळीकडे लक्ष असतं त्याचं." आणि थोडं थांबून, "झाडाखाली उभं राहणाऱ्यांनी डोक्यावर काहीतरी घ्यावं, घुबडा. कालच माझ्या धुतलेल्या चादरीवर तुझी कृपा झालीय." फोटोबाई निमूटपणे आत जाऊन टोपी घालून आल्या.

असं सुरू झालं. सकाळचा चहा झाला की एक बाई झाडाखाली, एक खिडकीत, आणि मधे फांदीवर डोळे मिटून बसलेला, दोघींचं ऐकून घेणारा तो गरीब जीव. आठ वर्षांचं तुंबलेलं हळूहळू त्याच्या कानांवर पडू लागलं. गुडघे कसे दुखतात ते त्याला कळलं. लेकीने पाठवलेली चप्पल कशी टोचते ते कळलं. बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं कळलं. एकदा जाऊबाई त्याला म्हणाल्या, "दोन घुबडं होतीच रे या घरात, तू तिसरा आलास." फोटोबाईंना इतकं हसू आलं की तोंडावर हात दाबून त्यांना झाडामागे जाऊन उभं राहावं लागलं. सरळ हसून दाखवलं तर ते बोलल्यासारखंच झालं असतं ना!

आणि मग एके सकाळी, मशीन चालू असतानाच, त्या खडखडीवरून जाऊबाईंचा आवाज आला.

"महिनाअखेरीला मी चालले रे, घुबडा. लेक म्हणते, एकटी कशाला राहतेस तिथे, कायमची इकडे ये. मलाही पटलं. इथे बोलायला आहे कोण? हा घराचा भाग भाड्याने देऊन टाकायचा म्हणतात. नवी माणसं येतील, त्यांना घाबरून उडून जाऊ नकोस."

फोटोबाईंच्या हातातला कॅमेरा खाली आला. घुबड काही बोललं नाही. त्या दिवशी बाई आत गेल्या आणि ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडची मशीनची खडखड, पहाटेचा खोकून घसा साफ करण्याचा आवाज, भांडं पडलं की "अगंबाई!" हे सगळं जाणार होतं. अबोला असो नसो, त्या आवाजांच्या जिवावर आपण या घरात एकट्या नव्हतो, हे त्यांना तेव्हा लख्ख समजलं. आणि जाऊबाई अशाच गेल्या, एक शब्द सरळ न बोलता, तर तो अबोला आता जन्माचा. काय म्हणायचं ते ठरलेलं होतं: जाऊबाई, जाऊ नका. मनातल्या मनात म्हणून बघितलं तर दोनदा 'जाऊ' आल्यामुळे रडता रडता त्यांना हसूच आलं. पण म्हणायचं कुणाच्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी त्या झाडाखाली जाऊन म्हणाल्या, "घुबडा, तुझं तोंड बघायचं राहूनच जाणार बघ. जाणाऱ्यांच्या खिडकीतून एकदा बघितलं असतं, पण विचारायचं कसं?"

खिडकीतून आवाज आला, जरा चिडका. "त्यात विचारायचं काय, घुबडा? दाराला कडी नसते. कधीच नव्हती."

आठ वर्षांत फोटोबाई त्या दारातून आत गेल्या नव्हत्या. गेल्या तेव्हा पहिल्यांदा दिसलं ते बांधाबांधीचं सामान. पेट्या उघड्या, चादरींत बांधलेली भांडी, भिंतीवरच्या भावजींच्या फोटोची फक्त चौकोनी खूण. बाई मान खाली घालून मागच्या खोलीत गेल्या. जाऊबाई काही न बोलता मशीनसमोरून उठल्या, पडदा बाजूला केला आणि पडदा धरूनच उभ्या राहिल्या.

आणि काय सांगायचं! काचेपलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तो बसला होता. गोल तोंड, मधे मिटलेली चोच, छातीवर बारीक काळ्या रेघा. डोळे मिटलेले, पण एका पापणीखाली पिवळ्या रंगाची एक कड. खिडकी उघडली असती तर तो उडाला असता, म्हणून काचेतूनच घ्यायचं होतं. बाईंनी मशीनच्या फळीवर कोपर टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि हात स्थिर झाल्याबरोबर आतून जुनी सवय बाहेर आली. हॉस्पिटलातला तो सपाट, हुकमी आवाज:

"हनुवटी वर. हलायचं नाही. मोठा श्वास घ्या. रोखून धरा."

खटक्. घुबडाने एक डोळा उघडला. खटक्. दुसरा उघडला. दोन पिवळे, गोल, रागावलेले डोळे सरळ बाईंकडे बघत होते. बाई जगाला विसरल्या. खटक्, खटक्, खटक्. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या फोटोत त्यांच्याकडे बघत होतं. त्या किती वेळ तशा राहिल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात कानाशी, दाबलेल्या ओठांतून, गुदमरलेला आवाज आला.

"अगं, सोडू का आता?"

बाईंनी वळून पाहिलं. जाऊबाई पडदा धरून ताठ उभ्या. हनुवटी वर, गाल फुगलेले, चेहरा लालबुंद. श्वास रोखून.

"अहो जाऊबाई! सोडा, सोडा! तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तूच!" जाऊबाई मशीनच्या स्टुलावर धपकन बसल्या आणि धापा टाकू लागल्या. "रोखून धरा म्हणालीस, म्हणून धरला. मेली सोडा म्हणतच नाही! मला वाटलं आता इथेच राम म्हणते मी!"

"मी घुबडाला सांगत होते!"

"घुबडाला अहो-जाहो करतेस होय गं?"

मग मात्र दोघींना आवरेना. फोटोबाईंनी पेटीवर बसकण मारली, जाऊबाई मशीनवर डोकं ठेवून हसत राहिल्या, आणि घुबडाने दोघींकडे एकदा बघून पुन्हा डोळे मिटले. हसून झालं तेव्हा लक्षात आलं की मधे कुणीही नसताना दोघी बोलल्या होत्या. लक्षात आल्याबरोबर दोघीही अवघडल्या. जाऊबाईंनी चहा टाकला.

पुढचे काही दिवस बाई रोज त्या खोलीत जात होत्या. बोलणं चालू झालं, पण सगळं घुबडाचंच. आज त्याने मान कशी वळवली, आज न पचलेल्या हाडांची गोळी कशी ओकून टाकली, तो आहे का ती. पलीकडे पेट्या भरत होत्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. नाजूक जागेवर लोक पाय जपून ठेवतात, तशा दोघी बोलत होत्या.

मग एका सकाळी फांदी रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही रिकामी. पक्ष्यांचं काही सांगता येत नाही, त्यांना कुठे सामान बांधायचं असतं? फोटोबाई खोलीत येऊन बसल्या, जाऊबाई समोर बसल्या, आणि बोलायला विषयच उरला नाही. "गेलं वाटतं," एक म्हणाली. "गेलं," दुसरी म्हणाली. चहा पिऊन बाई आपल्या घरी आल्या. टॅक्सी परवा सकाळी यायची होती.

त्या दुपारी बाई फोटो छापून घ्यायला नाक्यावरच्या दुकानात गेल्या. रिकाम्या हाताने निरोप कसा द्यायचा? दुकानातला माणूस म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"तुमचा फोटो काढला असेन मी."

"कधी?"

"चेहऱ्यावरून नाही सांगता यायचं," बाई म्हणाल्या.

मोठ्या कागदावर घुबड छान उतरलं होतं. डोळे तर असे की दुकानदारही मागे सरकला. बाईंनी तो फोटो दारात उजेडात धरला, आणि आयुष्यभराच्या सवयीने आधी कडा बघितल्या, मग मधलं, मग आडचं. आणि त्या थबकल्या. घुबडाच्या उजवीकडे, पानांच्या अंधारात, एक फिकट सावली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. बाई बघत राहिल्या. मग फोटो छातीशी धरून त्या जवळजवळ पळतच घरी आल्या, त्या थेट डाव्या दारातून आत.

"जाऊबाई, हे बघा. हे घुबड. आणि हे इथे नीट बघा, उजव्या बाजूला. पानांच्या आड. सावली दिसते का?"

बोलून गेल्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. 'सावली' हा शब्द या घरात कुणी उच्चारत नसे. जाऊबाईंनी चष्मा पुसला, लावला आणि फोटो खिडकीकडे नेला. काचेत पडलेलं त्यांचंच प्रतिबिंब होतं ते: हनुवटी वर, गाल फुगलेले, श्वास रोखून उभ्या. त्या बराच वेळ बघत होत्या.

"या वेळी लगेच सांगितलंस," त्या म्हणाल्या.

हात जोडावेत की पाय धरावेत, फोटोबाईंना कळेना.

"बस," जाऊबाई म्हणाल्या. "बस गं, पडशील. मला एक सांगायचंय, आणि आज नाही सांगितलं तर ते माझ्याबरोबर जाईल." त्या स्वतः पेटीवर बसल्या. "तो आठवडा आठवतो तुला? रिपोर्ट यायचा होता तो?"

"कसा विसरेन?"

"त्या आठवड्यात ह्यांनी मला सायकल शिकवली."

बाईंनी वर पाहिलं.

"या वयात, या अंगणात! मी म्हणत होते, लोक हसतील. हे म्हणाले, हसू देत. कॅरियर धरून मागे पळायचे. खोकायचे आणि हसायचे, हसायचे आणि खोकायचे. मी दोनदा झाडावर आपटले. शेवटच्या दिवशी त्यांनी हात कधी सोडला, मला कळलंच नाही. मी आपली बोलतेय मागे कुणीतरी आहे म्हणून, आणि हे तिकडे नळापाशी उभे राहून टाळ्या वाजवतायत."

त्या सायकलची घंटा फोटोबाईंनी आपल्या ओट्यापाशी उभं राहून ऐकली होती. रोज. आणि ऐकताना डोळे मिटून ओट्याची कड घट्ट धरली होती.

"रिपोर्ट आला आणि ते हसणं संपलं," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणजे हसायचे ते, पण माझ्यासाठी हसायचे. स्वतःला हसू आलं म्हणून हसले ते त्या आठवड्यातच शेवटचे. तू सांगितलं असतंस, तर तो आठवडा मला मिळाला नसता. इतकं सगळं मनात ठेवून तू रोज समोर बसलीस, चहा प्यालीस, ह्यांच्या विनोदांना हसलीस. ते ओझं तू उचललंस, म्हणून मी सायकल शिकले. हे मला कळायला फार वेळ लागला."

"मग बोलला का नाहीत?" फोटोबाई रडत होत्या. "इतकी वर्षं, जाऊबाई!"

"आधी राग होता. तो गेला, तोवर सवय झाली होती." जाऊबाईंनी हाताच्या पाठीने स्वतःचे डोळे पुसले. "आणि उपकार मानायचे तर आधी बोलावं लागतं ना गं. तिथेच घोडं अडलं."

फोटोबाई उठल्या आणि त्यांच्याशेजारी पेटीवर बसल्या. जे म्हणायचं होतं ते एकदाचं म्हणाल्या, दोन्ही 'जाऊ'सकट. जाऊबाई हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. लेक वाट बघत होती, तिकिटं काढलेली होती, नातवाला आजी हवी होती. ते काही खोटं नव्हतं. दोघी अंधार पडेपर्यंत तशाच पेटीवर बसून राहिल्या, आणि आठ वर्षांतलं जेवढं आठवलं तेवढं बोलल्या.

ठरलेल्या सकाळी टॅक्सी आली. फोटोबाईंनी पिशव्या उचलून गाडीत ठेवल्या. घुबडाचा फोटो वरच्या पिशवीत, कपड्यांच्या मधे जपून ठेवलेला होता. ड्रायव्हरने मागचं झाकण लावलं आणि विचारलं, "सगळं आलं ना?" जाऊबाई म्हणाल्या, "आलं." दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या. फोटोबाईंनी वाकून नमस्कार केला. जाऊबाईंनी त्यांना उठवलं, त्यांच्या खांद्यावरची न दिसणारी धूळ झटकली आणि गाडीत जाऊन बसल्या.

गाडी सुरू झाली. मग काच खाली आली. आठ वर्षं जिच्याशी बोलल्या नव्हत्या, तिच्याकडे सरळ बघून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाऊबाई म्हणाल्या,

"येते गं."